चंचलचे अ‍ॅप आणि एकाच फाटकाचा बाजार

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते. पण मित्रांनो, गेल्या आठवड्यात गोंदियाच्या एका कॉलेजच्या भरल्या सभागृहात मी गाजलो! ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे अंग एका कारखान्यात घडले. मला चालवणारी प्रणाली मात्र दुसऱ्याच, फार बलाढ्य कंपनीची. असंख्य फोनांत तीच चालते, आणि नवे अ‍ॅप हवे तर बहुतेक जण तिच्याच दुकानात जातात.

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाच्या सत्यभामाबाईंनी मला घेतले. त्या मोहफुले वेचायला रानात जात, तेव्हा मी त्यांच्या कमरेच्या पिशवीत असे. त्यांची मुलगी चंचल संगणक शिकायला गोंदियाजवळच्या कुडव्याला राहू लागली आणि मी तिच्याकडे आलो. तिने दीडशे झाडांची गोंडी नावे आईच्या आवाजात माझ्यात साठवली व गावातल्या मुलांसाठी त्यांचे अ‍ॅप केले. चित्रावर बोट ठेवले की नाव ऐकू येई. मला केवढा अभिमान वाटला!

कंपनीच्या दुकानाने ते तीनदा नाकारले. कारण विचारायला तिथे माणूसच नव्हता. चंचलने ते गावातल्या पालकांना थेट दिले, तर प्रत्येक फोनवर इशारा झळकला, 'हे धोकादायक असू शकते.' घाबरून साऱ्यांनी ते काढून टाकले. हिरमुसून चंचलने मला खणात ठेवले. कित्येक आठवडे मी तसाच पडून होतो.

मग कॉलेजात वादविवाद ठरला : या कंपनीचा मोबाईल प्रणालीचा व्यवसाय तोडून वेगळा करावा का? चंचलने झटकन खण उघडला आणि मला चार्जिंगला लावले!

चंचल तोडण्याच्या बाजूने होती. विरुद्ध बाजूने ओमेश उभा राहिला. तो मोबाईल दुरुस्त करून शिक्षणाचा खर्च भागवणारा. तो कडाडला, "कंपनी तोडली तर सुरक्षेचे अपडेट कोण देईल? स्वस्त फोन गावागावात पोचले ते कोणामुळं?"

टाळ्या कडकडल्या. मीही गोंधळलो. त्याच प्रणालीमुळे तर मी दरेकशाला पोचलो होतो!

चंचल म्हणाली, "ओमेश खरं बोलून राहिला. पण ज्यानं रस्ता बांधला, त्यानंच बाजाराचं फाटक सांभाळायचं अन् आत दुकानही त्याचंच. हे काऊन चालवून घ्यायचं?"

तिने मला माईकपाशी धरले. सत्यभामाबाईंचा आवाज सभागृहभर घुमला. एकेक झाड, एकेक नाव.

हात वर झाले, मोजले गेले. चंचल सहा मतांनी हरली.

पण ओमेश मंचावरून उतरून थेट तिच्याकडे आला. "माहं मत तेच हाय. पण हे अ‍ॅप मले दे." त्याने आधी आतले सारे नीट तपासले, मगच ते स्वतःच्या फोनवर घेतले. त्याच्यामागे रांगच लागली! दुकानाला पुन्हा अर्ज दोघे मिळून करणार, असेही तिथेच ठरले.

मुलीला ऐकायला येऊन मागच्या रांगेत बसलेल्या सत्यभामाबाई चकित होऊन म्हणाल्या, "माहा आवाज इतक्या लोकाइपाशी?" आणि पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या.

मित्रांनो, कंपनी तोडावी की राखावी, याचा निर्णय मोठी माणसे घेतील. तुम्ही मात्र हातातला फोन कोणाचे ऐकतो, हे विचारत जा. आणि जुना झाला म्हणून आम्हाला न पाहता फेकू नका. आत कोणाची तरी आई बोलत असेल.