थरथरता सूर

शाळेतला पियानो जुना होता. त्याच्या मधल्या एका पट्टीला तीन तारा होत्या. त्यातली एक सैल पडली होती, त्यामुळे सूर थरथरायचा. स्वमग्न मुलांना संगीत कसं शिकवावं याचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाईंनी शिक्षकांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या मुलांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. बेसूर वाद्य त्यांच्यापुढे ठेवायचं नाही."

बाईंनी आणखी एक शिकवलं होतं. मुलाला सूर द्यायचा नाही. त्यानं निवडलेला सूर उचलायचा आणि गाऊन परत करायचा. नवी शिक्षिका ठकीबरोबर तेच करत होती. ठकी आठ वर्षांची, आजवर एक शब्द न बोललेली. तिनं सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या आणि ती थरथरणारी पट्टी निवडली. पट्टी दाबायची, लाकडाला कान लावायचा, थरथर विरेपर्यंत हलायचं नाही. शिक्षिकेनं तो सूर तिच्या आईलाही गायला शिकवला.

एकदा आई व्हरांड्यात गेली, तेव्हा ठकीनं पट्टी दाबली आणि दाराकडे पाहिलं. आई तोच सूर गात आत आली. मग हे रोजचंच झालं. लेक आईला हाक मारायला लागली.

आई लाँड्रीत इस्त्रीला होती आणि धाकट्या भावाच्या घरी राहत होती. भावानं ठकीसाठी दूरच्या वसतिगृहात जागा धरून ठेवली होती.

"ताई, घरात सगळ्यांनी हात टेकलेत," तो म्हणाला. "पोरीनं तुला खरंच हाक मारली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असलं काही दाखवू नकोस. सोमवारी येतो."

"ये. डोळ्यांनी बघ."

मामा येणार म्हणून शिक्षिकेनं शनिवारी पियानो सुरात लावून घेतला. बाईंचं वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पट्टी तीच राहील, सूर फक्त स्वच्छ होईल, असं तिला वाटलं.

सोमवारी आई व्हरांड्यात उभी राहिली. मामा आत, भिंतीला टेकून. ठकीनं पट्टी दाबली. सूर सरळ, स्वच्छ निघाला. तिनं बोट काढलं, पुन्हा दाबलं. लाकडाला कान लावला. मग शेजारची पट्टी, मग सगळ्या पट्ट्या, टोकापासून टोकापर्यंत. बाहेर आईला वाटलं, शिक्षिकाच वाजवून बघतेय. ती हाकेची वाट पाहत उभी राहिली.

ठकीनं झाकण आपटलं, स्वतःच्या मनगटाला दात लावले आणि ती पियानोखाली जाऊन पडली.

पियानो लावणाऱ्याला परत बोलावलं. "सूर लावायला लोक बोलावतात, बिघडवायला तुम्हीच पहिल्या," तो हसत म्हणाला. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं तार सैल केली. थरथर आली, पण वेगळी. कधी घाईची, कधी संथ. ठकीनं कानांवरचे हात काढले नाहीत.

"मी तुम्ही सांगितलं तेच केलं," शिक्षिका बाईंना म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."

मामानं आठवडाभर वाट पाहिली. तो काही दुष्ट नव्हता. ठकी पियानोच्या खोलीत पाऊल टाकेना.

वसतिगृहाचा नियम होता: पोचवायला आईनं यायचं नाही, मूल रुळत नाही. मामानं ठकीला गाडीत मागे बसवलं आणि गाडी चालू केली. तिच्या बाजूची सैल काच इंजिनाबरोबर थरथरू लागली. ठकीनं काचेला कान लावला. मग काचेवर बोट दाबलं, आवाज थांबला. बोट उचललं, आवाज आला. तिनं फाटकापाशी उभ्या आईकडे पाहिलं.

आईनं तो सूर धरला आणि ती गात गाडीकडे धावली. "अरे थांब! ती मला बोलावतेय!"

"ताई, काच वाजतेय ती." मामा खाली उतरला. त्याचेही डोळे भरले होते. "कधीची दुरुस्त करायची राहिलीय."

त्यानं कागदाची घडी करून काचेच्या फटीत घट्ट बसवली. थरथर थांबली. ठकी बोट दाबत राहिली, उचलत राहिली. गाडी वळणापलीकडे गेली.