धूर कुठे अडला?

मित्रांनो, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात एक लहानशी वाडी आहे. तिथे आवडीच्या स्वयंपाकघरात कोपरा धरून मी बसले आहे. मी एक निर्धूर चूल. वय तेरा वर्षे, आणि मातीच्या चुलीला हे म्हातारपणच.

१९९४ साली मला बांधायला महाडहून शमसुन्निसाबाई आल्या. पोलादपूरपर्यंत एसटीने, पुढे मिळेल त्या जीपने आणि शेवटचा चढ पायी. त्यांनी माती, शेण आणि भाताचा तूस एकत्र मळला. पुढे लाकडे सरकवायला तोंड, मग मोठ्या भांड्याची जागा, मागे लहान भांड्यासाठी वैल आणि वैलापासून छपराबाहेर जाणारा पाइप, अशी मी आकाराला आले. आवडी शेजारी बसून एकेक गोष्ट विचारत होती.

"बाई, धूर घरात न येता वरच कसा जातो?"

"गरम हवा वर चढते, धुराला सोबत नेते," बाई म्हणाल्या. "त्याची वाट मोकळी ठेव, म्हणजे झालं. महिन्यातून दोनदा पाइप झाडायचा."

पहिले वर्ष माझे कौतुकात गेले. वाडीतल्या बायका यायच्या, पांढऱ्याच राहिलेल्या भिंतीवरून हात फिरवून बघायच्या. पण मग लावणी आली, नाचणीची कापणी आली, आवडीचे बाळंतपण आले. नवरा रावजी मुंबईला गोदामात कामाला. पाइप झाडायचा राहून गेला तो गेलाच. दुसऱ्या वर्षी धूर उलटा फिरून माझ्या तोंडातून घरात यायला लागला. आवडी खोकायची आणि मला तिच्याकडे बघवत नसे. माझ्याच पोटात काय झाले आहे, ते मलाही कळत नव्हते.

शेवटी तिने माझ्यावर डबे रचले आणि पडवीत तीन दगड मांडून स्वयंपाक सुरू केला. दगडांच्या चुलीत जाळ चहूबाजूंनी वाया जातो. रोज एक मोळी लागू लागली. जवळचे रान संपले, तशी आवडी वर वर चढू लागली. एके दिवशी मोळीसकट घसरली आणि तिचा पाय मुरगळला.

शिमग्याला रावजी घरी आला. बायकोचा सुजलेला पाय बघून त्याचा जीव कासावीस झाला.

"ह्या पायानं पावसाळ्याला जळणाची फाटी कशी आणशील? घरामागचा ऐन पाडू. हैबतीनानाला सांगितलंय, उद्या करवत घेऊन येल. आन् ही चूलबी काढून टाकू. नुसती जागा अडवतेय."

ऐनाचे ते झाड घरामागच्या उतारावर उभे होते. त्याच्या मुळांनी सगळी दरड धरून ठेवलेली. आवडीने मागच्या दारातून झाडाकडे पाहिले. मग म्हणाली, "ती बिघडली कशानं, येवढं तरी बघू दे. मंग काढा."

तिने माझ्यावरचे डबे उतरवले. एक चिंधी पेटवून माझ्या तोंडात सरकवली आणि जमिनीला गाल टेकवून धूर कुठे जातो ते बघत राहिली. धूर वैलापर्यंत गेला, तिथे घुटमळला आणि परत फिरला.

"अवो, वर चढा. पाइपाची टोपी काढा."

रावजी छपरावर चढला. बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळून त्याने पाइपात घातले. आधी काहीच होईना. मग एकदम टोपलीभर काजळी धबकन वैलात पडली. आवडी ती काजळी चिमटीत धरून बघत बसली.

"बाईंनी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "मीच इसरले."

सकाळी हैबतीनाना करवत घेऊन हजर झाले. आवडीने त्यांना चहा दिला आणि बसवून ठेवले. तिने वीस फाटी तीन दगडांपाशी ठेवली, तेवढीच माझ्याजवळ. दोन्हीकडे सारखाच भात, सारखीच कुळथाची पिठी. लंगडत ती आतबाहेर करत होती आणि दोघे पुरुष तिच्या मागून हिंडत होते. दगडांपाशी एकही फाटे उरले नाही. माझ्याजवळ नऊ शिल्लक राहिली.

रावजीने ती पुन्हा मोजली.

"मंग करवत कशाला आणली मी?" नाना म्हणाले.

"वाळक्या फांद्या हायत की, नाना. तेवढ्या काढा. बारीक फोडून ठिवल्या तर पावसाळा निघंल," आवडी म्हणाली.

ऐन उभा राहिला. पाय बरा झाल्यावर आवडी महाडला जाऊन शमसुन्निसाबाईंना भेटली. पुढची चार वर्षे त्या दोघींनी मिळून आसपासच्या वाड्यांत माझ्या कितीतरी बहिणी बांधल्या. प्रत्येक घरात आवडी आधी पाइप झाडायला शिकवायची, मग माती मळायची.

आता घरात गॅस आला आहे. माझ्यावर अंघोळीचे पाणी तापते आणि सिलिंडर वेळेवर आला नाही तर भाकऱ्याही होतात. मला त्याचे दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू रुसली, तर तिला फेकण्याआधी उघडून बघा. कुणास ठाऊक, तिला फक्त झाडून घ्यायचे असेल.

कालच माझ्या कडेला बारीक तडा गेला. आवडीने तो बोटाने चाचपला, बाहेर गेली आणि ओंजळभर ओली माती घेऊन आली.