तान्ह्या बाळाचा डोस

पुण्याहून तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला विश्वजीत चिकलठाण्याच्या त्या छापखान्यात स्वतःला डिझायनर म्हणवून घ्यायचा. तिथेच काम करणाऱ्या सुलेखाच्या मते त्याला बाटलीवर लेबल सरळ चिकटवता आलं नसतं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

परदेशी जाणाऱ्या तापाच्या औषधाचं अरबी माहितीपत्रक आज छापायचं होतं. उजवीकडून लिहायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती कुणाला विचारली तर ह्या डिझायनर साहेबांची इज्जत गेली असती! मजकूर डावीकडून पडला, तेव्हा ह्या शहाण्याने एकेक अक्षर उलट क्रमाने लावलं. जोडून यायची अक्षरं सुटी सुटी पडली, भांडलेल्या जावांसारखी.

सुलेखाला अरबी येत नव्हतं. पण शहागंजात तिच्या मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तबकड्यांवरचे अरबी आकडे ओळखीचे. अरबी उजवीकडून वाचतात, आकडे मात्र आपल्यासारखे डावीकडूनच. ह्याने तेही फिरवले होते. मूळ इंग्रजी पत्रकाशी ताडलं, तर तान्ह्या बाळाचा डोस २.५ मिलिलीटरचा ५.२ झाला होता.

"लई शहाणा लागून गेलास! दुप्पट औषध पाजतो का लेकरांना?"

"ताई, औषध कंपनीचा ओके आलाय. तुम्ही फक्त सही करा."

कंपनीच्या माणसाने लोगोचा रंग तेवढा पाहिला होता. तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय मशीन सुरू होत नसे, आणि तपासणारी सुलेखा.

"मी नाय करत. तुझ्यापायी आंधळं व्हायचं व्हय मी?"

विश्वजीत हसला. दोन महिन्यांपूर्वीची फाईल काढून त्याने टेबलावर आपटली. "मग ही कशी केली? ती खेप अशीच गेली. कुणी काय बोललं का?"

तेच पत्रक, तोच ५.२, आणि खाली तिची सही. त्या दिवशी जेवायची घाई होती. अरबी कागद म्हणून तिने वाचलाच नव्हता. आता तिला स्वतःचीच किळस आली.

"गप बसा ताई, दोघांची नोकरी जाईल," तो कुजबुजला.

त्या नेभळटाकडे न बघता तिने कंपनीला फोन लावला. "मागच्या खेपेच्या बाटल्या थांबवा, पत्रकात डोस चुकलाय. व्हय, तपासणारी मीच. सुलेखा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"त्या? त्या दुकानांत लागून पंधरा दिवस झाले की."