कुठल्या वयाचे दात

माझी बायको मला ओळखत नाही, याचा दोष मी सरळ दातांना देतो. डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार आहे. असेल. पण तोंडात माझे स्वतःचे दात होते तोवर ती दिवसातून एकदा तरी मला ओळखायची. मी हसलो की माझ्या उजव्या सुळ्याकडे बघायची आणि म्हणायची, "आलात का सुळोबा?" तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. मग हिरड्यांनी दगा दिला, दात हलायला लागले आणि दंतवैद्याने उरलेसुरले सगळे काढून टाकले. पुढे कवळी आली. सरळ, एका उंचीची, कवायतीला उभी केल्यासारखी. ती लावून घरी आलो, तर बायकोने मला खुर्ची पुढे केली. "बसा," म्हणाली. "हे येतीलच एवढ्यात."

तेव्हापासून मी माझ्याच घरात पाहुणा आहे. चहा मीच करतो, कप तिच्या हातात देतो, आणि ती संकोचून म्हणते, "तुम्ही कशाला त्रास घेतलात?" रात्री मी बाहेरच्या खोलीत झोपतो, कारण परक्या पुरुषाने आत यायचं म्हटलं की ती घाबरते. भिंतीपलीकडे तिची खोकल्याची उबळ ऐकू येते. उठून पाणी द्यावंसं वाटतं, पण देता येत नाही.

माझा फोटो स्टुडिओ होता. दातांतलं मला दंतवैद्याच्या खालोखाल कळतं. एकच माणूस माझ्याकडे आधी आईच्या कडेवर यायचा, नुसतं बोळकं. मग खाली दोन दाणे. मग शाळेच्या ओळखपत्रासाठी यायचा तेव्हा पुढचे दुधाचे दात पडलेले, ओठ घट्ट मिटलेले. मग नवे दात यायचे ते चेहऱ्याच्या मानाने फावड्याएवढे, करवतीसारख्या कडांचे. लग्नाच्या फोटोपर्यंत चेहरा त्यांना गाठायचा. पुढे त्याच कडा झिजायच्या, रंग उतरायचा. आम्हाला मूल झालं नाही, म्हणून हे सगळं मी लोकांच्या पोरांवरच पाहिलं.

जन्मभर दुसऱ्यांना "हसा" म्हणालो आणि स्वतः मात्र एकाही फोटोत हसलो नाही. सुळ्याची लाज वाटायची. लग्नाच्या फोटोत तर दातखीळ बसल्यासारखा उभा आहे. आता त्याची शिक्षा भोगतोय म्हणा.

शेवटी दंतवैद्याच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे कवळ्या बनवणारी बाई बसते. कोपरापर्यंत प्लास्टर, कानावर पेन्सिल, तोंड फटकळ.

"मला माझे जुने दात हवेत," मी म्हणालो.

"ते कधीच कचऱ्यात गेले."

"मग तसेच करून द्या. उजवा सुळा वर चढलेला हवा."

"लोक वाकडे दात सरळ करायला येतात, आजोबा. तुमचं सगळंच उफराटं." मग मी तिला घरची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने हातातला साचा खाली ठेवला. "फोटो आहे?"

"नाही."

"बरं. कुठल्या वयाचे करू?"

मला प्रश्नच कळला नाही.

"दात काय एका जागी स्वस्थ बसतात होय?" ती म्हणाली. "विशी-पंचविशीतले वेगळे, पन्नाशीतले वेगळे. कडा झिजतात, पिवळे पडतात, खालचे एकमेकांना रेटत दाटीवाटी करतात. हिरड्या मागे सरल्या की दात लांब दिसायला लागतात. तुमची बायको कुठल्या वयाच्या नवऱ्याची वाट बघतेय, ते आधी विचारून या."

घरी आलो. बायको खिडकीशी बसली होती. मी अदबीने खुर्चीच्या कडेला टेकलो आणि विचारलं, "बाई, तुमच्या मिस्टरांचे दात कसे आहेत हो?"

"अगबाई, हे काय विचारणं?" ती हसली. पण सांगायला लागली. "पांढरेशुभ्र. आणि हा इथला सुळा आहे ना, तो सगळ्यांच्या शेवटी आला, बसायला जागाच मिळाली नाही, मग शेजाऱ्याच्या डोक्यावर चढला. समोरच्या एका दाताचा टवका उडालाय. चिकटपट्टी दातांनी तोडतात, ऐकतात कुणाचं? हसताना तोंडावर हात धरतात वेडे. मी तो हात काढते." तिने आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते, मी त्या सुळ्यावरच भाळले होते. त्यांना अजून सांगितलं नाही. शेफारतील."

इतक्या वर्षांत ती हे मला कधी बोलली नव्हती. बोलली तेही एका परक्या माणसाजवळ. मला त्या पंचविशीतल्या पोराचा भयंकर हेवा वाटला.

कवळीवालीने तिच्या वर्णनाबरहुकूम दात केले. आधी मेणात बसवून दाखवले, मी सुळा आणखी वर चढवायला लावला, टवका थोडा मोठा करायला लावला. रंग अगदी पांढरा घेतला. "या चेहऱ्यावर हे शोभायचे नाहीत," ती म्हणाली. मी म्हणालो, शोभायचं कुणाला आहे? आरशात पाहिलं, आणि लाज सोडून भरपूर दात काढले.

घरी आलो. बायकोसमोर उभा राहिलो आणि हसलो. तोंडावर हात धरला नाही.

ती बघत राहिली. नजर ओठांवर आली, उजवीकडे सरकली, सुळ्यावर थांबली. तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी चेहरे बघूनच पोट भरलंय. मग ती टेबलाला धरून लगबगीने उठली, केस सारखे केले आणि नजर खाली घातली.

"मामंजी, तुम्ही? कधी आलात?"

माझ्या वडिलांचा सुळा अस्साच होता. त्यांच्याकडूनच तो माझ्याकडे आला. दातांचं वय मी नीट जुळवलं होतं, पण तोंडाचं कुठून जुळवणार? तिचा नवरा पंचविशीचा. तसा सुळा असलेला हा म्हातारा दुसरा कोण असणार? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"बरं झालं तुम्ही आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "हे फार दिवसांत घरी आले नाहीत. रागावून गेलेत की काय, कळत नाही. मी काही लागेल असं बोलले नव्हते हो. तुम्ही तरी त्यांना समजवा. तुमचं ऐकतील."

"समजावतो, सूनबाई," मी म्हणालो. "तो रागावलेला नाही."

तिने मान डोलावली, पण उभीच राहिली. सासऱ्यासमोर ती कधी बसायची नाही. तिचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. "बस," म्हणालो तर ऐकेना. मग तिला बसता यावं म्हणून मी खोलीतून बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.