अंगठी माझ्या पोटात होती

मित्रांनो, मी नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या केशवरावांच्या घरचा जुना कृष्णधवल टीव्ही आहे. माझ्या लाकडी पेटीचे एक दार आता सरकत नाही. त्याची मला लाज नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

नागपुरात टीव्ही दिसू लागला, त्याच सुमारास मी या घरी आलो. आतली उष्णता बाहेर जावी म्हणून माझ्या मागच्या झाकणाला फटी ठेवल्या होत्या. केशवरावांच्या पत्नी वच्छलाबाईंनी माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. संध्याकाळी अर्धी गल्ली माझ्यापुढे बसे. चित्र नाचू लागले की केशवराव माझ्या डोक्यावर थाप मारत. तरीही जमले नाही, तर शेजारचा विणकर लहानू घरातल्या जिन्याने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी.

"आलं का गा?" तो वरून विचारी.

"माणसं आली, तोंडं यायची आहेत," शेजारच्या कांताबाई ओरडत आणि सगळे हसत.

त्या संध्याकाळी पोलिसांच्या मालिकेचा भाग होता. मालकाचा खून झालेला आणि घराची किल्ली नोकराच्या खिशात. जो पुरावा निघे, तो त्याच्याच गळ्याशी येई. कांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "गरीब सापडला का सगळे त्यालेच धरते वं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात चित्र नाचले. केशवरावांनी थाप मारली. कणीक मळण्यापूर्वी वच्छलाबाईंनी आईने दिलेली अंगठी काढून माझ्यावर ठेवली होती. ती घरंगळली आणि मागच्या फटीतून माझ्या आत पडली. माझ्याच आवाजात तिचा आवाज बुडाला. लहानू वर गेला, चित्र स्वच्छ झाले आणि शेवटी नोकर निर्दोष ठरला. सगळ्यांना बरे वाटले.

लोक उठायच्या आतच वच्छलाबाई अंगठी शोधू लागल्या. रुमाल झटकला, सतरंजी उचलली.

"आपण तं सगळे बसूनच होतो," कांताबाई हळूच म्हणाल्या. "टीव्हीजवळून लहानूच जाऊन येऊन राहिला होता."

लहानू चपला घालत होता. तो थांबला. "भाऊ, तुमाले बी तसंच वाटते का?" त्याने केशवरावांना विचारले.

केशवराव वाकून पुन्हा सतरंजीखाली पाहू लागले.

लहानूने स्वतःच खिसे उलटे केले. बिडीचे बंडल, काड्यापेटी आणि अँटेनेला बांधायचा तारेचा तुकडा. तो तुकडा त्याने माझ्यावर ठेवला आणि तो निघून गेला. रोज मी इतक्या लोकांचे बोलणे ऐकवतो, पण माझे स्वतःचे एक वाक्यही मला बोलता येत नाही. बटण फिरवून मला बंद केले, तेव्हा अंगठी माझ्या पोटातच होती.

पुढे मी बिघडलो. दुरुस्तीला आलेल्या ताराचंदने मागचे झाकण काढले. कोपऱ्यातल्या धुळीत अंगठी होती.

केशवराव त्याच पावली लहानूकडे गेले. परत आले ते एकटेच.

"काय म्हणाला?" वच्छलाबाईंनी विचारले.

"म्हणाला, अंगठी भेटली ते चांगलं झालं. पण माहे खिसे सगळ्यायनं पाह्यले, आता ते कसे झाकू?"

लहानू पुन्हा आला नाही. कांताबाई आल्या, पण दाराशीच बसल्या. चित्र नाचले की केशवराव स्वतः गच्चीवर जात आणि विचारत, "आलं का?" खालून नुसते "आलं" एवढेच येई.

मित्रांनो, माझ्यावर काही ठेवू नका, मला थापा मारू नका. आणि घरात काही हरवले, तर आधी माझे झाकण उघडा. माझे झाकण पुन्हा बसवता येते.