आबासाहेबांच्या फेट्यातला थॉर्नबी

मित्रांनो, मी एक जुना अर्धपुतळा आहे. अर्धा म्हणजे छातीपर्यंतचा. उरलेला मी कधी घडवलाच गेलो नाही, त्यामुळे त्याचं दुःख नाही. माझं दुःख फेट्याचं आहे.

मी थॉर्नबी साहेबाचा पुतळा. साहेब विलायतेतला, राणीच्या काळातला भूगर्भशास्त्रज्ञ. त्याने आयुष्यभर दगड फोडले आणि फुटलेल्या दगडांना क्रमांक दिले. त्यासाठी तो निम्मं जग हिंडला. त्याने इथून जवळच्या कन्नडच्या घाटातून बैलगाडीभर दगड नेले, तेव्हा गाडीवानाने त्याला विचारलं होतं, "सायेब, तुमच्या मुलखात दगडं पिकत नाय का?" पुढे साहेब विलायतेत परतून राजकारणात शिरला आणि निवडूनही आला. गावाखाली कोळसा आहे अशी मतदारांची आशा होती. साहेबाने जमीन तपासली आणि भर सभेत सांगितलं, की कोळसा नाही. पुढच्या निवडणुकीनंतर साहेबही नव्हता.

त्याच्या एका शिष्याने मला प्लास्टरमध्ये घडवून घेतलं आणि इथल्या छावणीतल्या बंगल्यात ठेवलं. पुढे बंगल्याचं सामान विकलं गेलं. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेने दोन कपाटं घेतली. मी कपाटांवर फुकट आलो. भूगोलाच्या खोलीत पृथ्वीच्या गोलाशेजारी माझी जागा होती. मुलं माझ्या कल्ल्यांना खडूचे हात पुसायची. ते चांगले दिवस होते.

मग सोळा वर्षांपूर्वी शाळेच्या संस्थापकांची, कैलासवासी आबासाहेबांची जयंती आली. त्यांचा पुतळा पुसताना शिपाई पुंडलिकमामांच्या हातून निसटला. तेरा तुकडे झाले. कार्यक्रमाला अर्धा तास होता. मामांनी मला उचललं, कल्ले चुन्याने लिंपून सपाट केले, बूटपॉलिशने मिशी काढली आणि डोक्यावर फेटा बसवला. "तासाभराचंच काम हाय, सायेब," ते मला म्हणाले.

तो तास अजून संपलेला नव्हता. आबासाहेबांचे नातू तात्यासाहेब संस्थेचे अध्यक्ष आहेत. ते दरवर्षी माझ्या पाया पडायचे. मला पाय नाहीत, पण त्यामुळे ते कधी थांबले नाहीत. पाहुणे भाषणात सांगायचे, की तात्यासाहेबांचं नाक थेट आबासाहेबांवर गेलं आहे. तात्यासाहेब नाकाला हात लावून लाजायचे.

यंदा शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली. म्हणून आबासाहेबांच्या थोरल्या लेकीला, लक्ष्मीबाईंना, पहिल्यांदाच बोलावणं गेलं. वय अठ्ठ्याऐंशी. कन्नडला एकट्या राहतात, स्वतःची भाकरी स्वतः थापतात. हे ऐकल्यापासून मामांचा जेवणाचा डबा भरलेलाच परत जाऊ लागला. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर लक्ष्मीबाईंनी हार घ्यायला हात पुढे केला, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"हे आबा नाय."

"आत्या, हार घाला," तात्यासाहेब हसून म्हणाले.

"आरं, आबाचा डावा कान बैलानं फाडला व्हता. ह्याचे तर दोन्ही साबूत हायेत."

"पुतळ्यात कुणी फाटका कान करतं का?"

"का बरं? नाक तर आबाचंच केलंय म्हणतोस."

सभागृहात हशा पिकला. तात्यासाहेबांची मुलगी सोनिया मात्र हसली नाही. ती वडिलांच्या कानाशी वाकली. टेबलावर असल्याने मला सगळं ऐकू आलं. "पप्पा, मी म्हणत होते ना? आजीला आता वडीलही ओळखू येत नाहीत. एकटं ठेवण्यात अर्थ नाही. या आठवड्यातच कन्नडच्या घराला कुलूप लावू."

तात्यासाहेबांनी मान हलवली. लक्ष्मीबाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं. कुणीतरी धावत साखरेचं पाणी आणलं. मित्रांनो, खरं बोललेल्या माणसाला लोक साखरेचं पाणी का पाजतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

"घोटभर घ्या आजी. आणि या आठवड्यात इकडंच राहायला या," सोनिया प्रेमाने म्हणाली.

लक्ष्मीबाईंनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं. या वेळी त्यांची नजर डळमळली. "व्हय का गं? मला तर कान चांगला आठवतोय..." त्यांनी स्वतःचाच डावा कान चाचपला. मला तोंड होतं, पण प्लास्टरचं. इतकी लाज मला बूटपॉलिश लावतानाही वाटली नव्हती.

पेढ्यांचं ताट घेऊन मामा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी ते खाली ठेवलं, मंचावर आले आणि माझा फेटा काढला. मग गळ्यातला पंचा साखरेच्या पाण्यात बुडवून त्यांनी माझी मिशी पुसली.

"अक्काचं बरोबर हाय," ते म्हणाले. "हे आबासाहेब नाय. आबासाहेब माझ्या हातून फुटले."

"मग सोळा वर्षं मी कुणाच्या पाया पडलो?" तात्यासाहेबांनी विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

लक्ष्मीबाई खुर्चीतून उठल्या, कुणाचा हात न धरता. "पुंडलिका, चल. मला कन्नडच्या गाडीत बसवून दे."

मामांची चौकशी अजून चालू आहे आणि निकालाचं लक्षण मला काही चांगलं दिसत नाही. मी कार्यालयाच्या कपाटात आहे. माझ्या गळ्यात 'पुरावा क्रमांक एक' अशी चिठ्ठी बांधली आहे. कन्नडच्या घराला मात्र कुलूप लागलेलं नाही.

मित्रांनो, पुतळे पुसताना दोन्ही हातांनी धरा. आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही भलतंच सांगू लागलं, तर त्याला पाणी पाजायच्या आधी, ते जिकडं बोट दाखवतंय तिकडं एकदा नीट बघून या.