झाकण लावायच्या आधी

मोठा कप्पा: भात

चूक माझी.

एप्रिलमध्ये माझ्या बायकोची, तोमोएची, कंपनीने दोन वर्षांसाठी साप्पोरोला बदली केली. घरी उरलो मी आणि चिहारु. चिहारु बारा वर्षांची. त्याच महिन्यात ती माध्यमिक शाळेत गेली. प्राथमिक शाळेत जेवण शाळेचंच असायचं. आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत मात्र डबा घरून न्यावा लागतो.

मी रोज सकाळी वाफाळता भात डब्यात दाबायचो, वर झाकण, वर फडकं, फडक्याला गाठ. पोरीला गरम मिळावं म्हणून. एप्रिल निभावला. मे निभावला. जूनच्या पहिल्या गुरुवारी तिने वर्गात झाकण उघडलं, तर झाकणातून पाणी ठिबकलं आणि भाताला तार सुटली.

शेजारच्या बाकावरचा हिरोमु आमच्या आडनावाने हाक मारत म्हणाला, "माकिनो, आज नुसता नात्तो आणलास का?"

सगळा वर्ग हसला. नात्तो, म्हणजे तार सुटणारं आंबवलेलं सोयाबीन, मला आवडतं. ते सांगायची ही वेळ नव्हती.

संध्याकाळी तिने डबा ओट्यावर आपटला. भरलेला.

"उद्यापासून मी दुकानातून पाव घेणार."

"रोज?"

"पाव आंबत नाही, बाबा."

साप्पोरोला, तोमोएला फोन.

"भात निववला नाहीस?"

"निववायचा असतो?"

पलीकडून हसू. मग हसू थांबलं. "घेऊ दे तिला पाव. तुझी तरी किती धावपळ."

"नाही."

"अरे, पण..."

"नाही म्हटलं ना."

मी बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. घरी येतो तेव्हा पोरीचं जेवण झालेलं असतं. माझ्या हातचं ती दिवसातून एकदाच खाते, तेही माझ्यामागे, वर्गात. तेवढंही दुकानाला देऊन टाकायचं?

चिहारुला म्हणालो, "एक दिवस पाव घे. मग मला पाच दिवस दे. सोमवार ते शुक्रवार. नंतर तू म्हणशील ते."

"पाच दिवस नात्तो?"

"पाच दिवस."

लहान कप्पा: अंडं, भाजी, मासा

कोपऱ्यावर ओतोवे आजींचं टोफूचं दुकान आहे. पाच मुलांचे डबे त्यांनी भरलेत. मी हकीकत सांगितली, तर त्या काउंटरवर वाकून हसल्या.

"अहो माकिनो, भाताला दुलईत घालून झोपवता होय? उघडा ठेवा. डब्याच्या बुडाला हात लावा. हाताला ऊब कळेनाशी झाली की मग झाकण."

"साधारण किती मिनिटं?"

"घड्याळाला काय विचारता? हाताला विचारा. आणि हे बघा, गाजराची फुलं नि अंड्याचे ससे करत बसू नका. साधं भरा, पण घट्ट भरा. फट राहिली की सगळं एका कोपऱ्यात पळतं."

सोमवार. भात, वर मधोमध खारवलेला आलुबुखार, अंड्याची गुंडाळी, पालक. भात निवलेला. पालक पिळायचा राहिला. हिरवं पाणी भातात. अर्धा परत.

मंगळवार. पालक असा पिळला की त्याने माफी मागावी. भाजलेला साल्मन. पण साल्मनच्या कडेला बोटभर

फट.

"बाबा, हा डबा नाही, भूकंप आहे. अंडं भातावर, मासा अंड्यावर."

"खाल्लंस?"

"ढिगाऱ्यातून काढून."

बुधवार. फटीत ब्रोकोली. दोन घास परत. मी विचारलं नाही. विचारायचं नाही हे ठरवायलाच मला संध्याकाळ लागली.

गुरुवार. रिकामा! मला शंका आली.

"खाल्लास, की वाटलास?"

"अंड्याचा एक तुकडा मागच्या बाकावरच्या नोनोकाने पळवला."

"काय म्हणाली?"

"चोर काय म्हणणार?"

झाकण

शुक्रवार. मी झोपेत गजर बंद केला.

भात तयार झाला तेव्हा सात वाजले होते. सात वीसची बस. अंडं गुंडाळलं, पालक पिळला, मासा बसवला, फट नाही, बुडाला हात लावला आणि काढून घेतला. चटका.

चिहारु दारात, बूट घालून. "लाव झाकण. चल."

"गरम आहे."

"मग मी पाव घेते. काही बिघडत नाही."

"बिघडतं. थांब. नाही, थांबू नकोस, चल!"

डाव्या तळव्यावर फडकं, फडक्यावर उघडा डबा, झाकण एप्रनच्या खिशात. उजव्या हातात दारामागची गल्लीतल्या सूचनांची पाटी, जी आम्ही वाचून पुढच्या घरी द्यायची असते. उतारावरून मी पाटीने भाताला वारा घालत निघालो. पायात सपाता. पाटीवरचा, कचरा कोणत्या वारी उचलणार त्याचा कागद फडफडत होता.

"बाबा, लोक बघतायत!"

"बघू दे."

"बंद कर ना!"

"अजून नाही."

थांब्यावर तिच्या शाळेची सात-आठ मुलं. हिरोमुही त्यातच. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"माकिनो, तुझे बाबा काय करतायत?"

चिहारुचे कान लाल झाले. मी वारा घालतच राहिलो. थांबलो असतो तर तिला बरं वाटलं असतं, हे कळत होतं. बस वळणावर दिसली.

"दिसत नाही?" ती त्याला म्हणाली. "भात निववतायत."

तिने डब्याखाली हात घातला. तळवा टेकवला, आणि तसाच ठेवला.

"कोमट आहे अजून."

"लावू झाकण? बस आली."

"लावू नकोस!"

तिने डबा फडक्यासकट माझ्या हातातून उचलला. दप्तर पाठीवर, दोन्ही हातात उघडा डबा. झाकण माझ्या खिशात उरलं. तिने हनुवटीने हिरोमुकडे खूण केली.

"ते धर. आणि सांगेपर्यंत लावायचं नाही."

त्याने धरलं. दोघं चढली. खिडकीपाशी बसून तिने डबा मांडीवर ठेवला आणि काच सरकवली.

"बाबा! सोमवारी गजर दोन लाव!"